पहिला डोस अंदाजाने, पण दहावाही?

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने देशातल्या वीस मोठ्या रुग्णालयांत एक पाहणी केली. पाहणीच्या दिवशी वॉर्डात असलेल्या रुग्णांपैकी किती जणांना प्रतिजैविके चालू आहेत आणि ती कशाच्या आधारावर, एवढाच साधा प्रश्न होता. ९,६५२ रुग्णांपैकी जवळपास ७२ टक्के जणांना अशी औषधे चालू होती. त्यांतली निम्म्याहून अधिक जंतुसंसर्ग झालेला नसताना, तो होऊ नये म्हणून दिलेली. उरलेली उपचार म्हणून. पण त्यांतही नेमका कोणता जंतू आहे हे प्रयोगशाळेकडून कळल्यावर दिलेल्या औषधांचा वाटा अवघा सहा टक्के. बाकी सगळा अंदाज. ही आडगावची दहा खाटांची रुग्णालये नव्हती. गुंतागुंतीचे रुग्ण जिथे शेवटी पाठवले जातात, त्या दर्जाची ही रुग्णालये. अशा ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतो, तंत्रज्ञ असतात, उबवणयंत्रे असतात. तरीही वॉर्डातले औषध आणि तळमजल्यावरची प्रयोगशाळा यांची गाठ शंभरातल्या सहाच वेळा पडते. तेव्हा ‘आपल्याकडे सोयीच नाहीत’ हे नेहमीचे उत्तर इथे पुरत नाही.

अंदाजाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे एकेक अवयव ढेपाळू लागलेला रुग्ण समोर असताना अहवालाची वाट बघत बसणे हा अपराधच होईल. रक्तदाब कोसळलेल्या अशा २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य प्रतिजैविक मिळायला पहिल्या सहा तासांत जो उशीर होई, त्यातल्या तासागणिक वाचणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होते. जुन्या नोंदींवरचा अभ्यास असल्याने नेमक्या आकड्यावर पुढे वाद झाले, दिशेवर फारसे झाले नाहीत. म्हणून पहिला डोस अंदाजानेच द्यायचा, तोही व्यापक परिणामाचा द्यायचा, हे शास्त्रसंमत आहे. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. मेरोपेनेमसारखे औषध साधारण आठ-आठ तासांनी देतात. ७२ तास होईपर्यंत नऊ डोस शिरेत गेलेले असतात. दहावा डोस देताना सिस्टरच्या हाती जो कागद असतो, त्यावर जंतूचे नाव लिहिलेले आहे का? नसेल, आणि ते शोधण्याचा प्रयत्नही झालेला नसेल, तर पहिल्या तासातली तत्परता चौथ्या दिवशी हयगय झालेली असते.

जंतूचे नाव कळायचे तर रक्त पहिल्या डोसच्या आधी घेतलेले हवे. वॉर्डात ‘कल्चरला पाठवा’, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघा, ही सूचना बहुधा औषधाने ताप उतरत नाही असे दिसल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. तोवर जंतू अर्धमेले झालेले असतात. बाटलीत वाढत नाहीत, पण रुग्णाच्या शरीरात, विशेषतः एखाद्या नळीच्या आतल्या थरात किंवा साचलेल्या पुवात, टिकून राहतात. औषधाने किती फरक पडतो हे उत्तर अमेरिकेतल्या सात आपत्कालीन विभागांत तपासले गेले आणि २०१९मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२५ रुग्णांचे रक्त औषधाआधी घेतले आणि त्याच रुग्णांचे औषध सुरू केल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतले. आधीच्या नमुन्यांत ३१.४ टक्के वेळा जंतू सापडले, नंतरच्यात १९.४ टक्के. दोनच तासांत जंतू सापडण्याची शक्यता एवढी घसरते, तर तीन दिवसांनंतरच्या नमुन्याकडून अपेक्षा ती काय करायची? आपल्याकडे तर रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन घेऊन जिल्ह्याला येतो, जिल्ह्यावरून पुण्या-मुंबईला जातो, आणि तिथे पहिल्यांदा त्याचे कल्चर होते. मग अहवाल कोरा आला की ‘कल्चरमध्ये कधी काही येतच नाही’ हा समज पक्का होतो. भरीला रक्त कमी घेतले जाते. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागते, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून मिळून चार बाटल्या भरायच्या असतात. प्रत्यक्षात एकाच बाटलीत तीन-चार मिलिलिटर टाकून काम भागवतात. रक्ताच्या थेंबाथेंबावर नातेवाईक जीव टाकतात हे समजू शकते. त्यांना समजावण्याऐवजी बाटलीच अर्धी भरायची, हे समजत नाही.

यावर डॉक्टरांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की नमुन्याच्या नादात पहिल्या डोसला उशीर होईल. सेप्सिसच्या उपचारांची २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या आक्षेपाची दखल घेतात: कल्चर आधी घ्या, पण त्यासाठी औषधाला फार उशीर, म्हणजे पाऊण तासाहून अधिक उशीर, होऊ देऊ नका. शिरेत सुई जाणारच असते. त्याच वेळी बाटल्या हाताशी असल्या तर हे काम काही मिनिटांचे आहे. उशीर होतो तो बाटल्या स्टोअरमध्ये कुलपात, इंडेंटची वही दुसऱ्याकडे आणि सही करणारा घरी असतो म्हणून. हा दोष शास्त्राच्या माथी कशाला मारायचा? नमुना व्यवस्थित घेऊनही सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत जंतू सापडत नाही, हे मात्र खरे आहे आणि मान्यच करायला हवे. पण योग्य वेळी, पुरेसे घेतलेले रक्त ४८ तासांनंतरही कोरे राहिले तर तीही माहिती असते. रुग्ण सुधारत असेल तर एखादे औषध थांबवण्याचे धैर्य त्यातून येते. उशिरा घेतलेल्या नमुन्याचा कोरा अहवाल मात्र काहीच सांगत नाही, उलट फसवतो.

नमुना गेल्यानंतरचे घड्याळ प्रयोगशाळेत चालते. बाटलीतले जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, यंत्र तो टिपते आणि इशारा देते. बहुतेक खऱ्या संसर्गांत हा इशारा २४ ते ४८ तासांत येतो. त्या क्षणी बाटलीतला एक थेंब काचेवर घेऊन ग्रॅम पद्धतीने रंगवला की जंतू जांभळा की गुलाबी, गोल की लांबट, हे पंधरा-वीस मिनिटांत दिसते. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४मध्ये सांगितलेली ही रीत आजही अंदाजाचा पसारा निम्म्याने कमी करते आणि तिला खर्च असा नाहीच. पुढे जंतूची ओळख, मग कोणते औषध चालेल याची चाचणी, यात एरवी आणखी एक-दोन दिवस जातात. पण युरोपातल्या तज्ज्ञ समितीने प्रमाणित केलेल्या पद्धतीनुसार, जंतूची ओळख पटली असेल तर बाटलीतल्या द्रवावरून थेट औषधांच्या चकत्या लावून चार, सहा आणि आठ तासांनी काही मोजक्या जंतूंचा निकाल वाचता येतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही. नेहमीच्याच चकत्या आणि वेळेवर बशी बघणारा माणूस लागतो. खरी अडचण इथेच आहे. रात्री दहाला दिलेली बाटली सकाळी नऊपर्यंत टेबलावर पडून राहते. शनिवारी दुपारी वाजलेला इशारा सोमवारी ऐकला जातो. अहवाल छापून फाइलला लागतो, पण ‘अमुक खाटेवरच्या रुग्णाच्या रक्तात जंतू आले आहेत’ असा फोन निवासी डॉक्टरला जात नाही. क्ष-किरण विभाग आणि रक्तपेढी चोवीस तास चालतात. सूक्ष्मजीवशास्त्र तेवढे अनेक ठिकाणी अजून कचेरीच्या वेळेत चालते, जणू जंतूही रविवारची सुट्टी घेतात.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा सगळ्यांत भारी औषध देऊन टाका, काहीही असले तरी मरेल,’ हे मत रुग्णाच्या नातेवाइकांचेच असते असे नाही. ते चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू रक्तात सापडला आणि तो साध्या औषधांना दाद देणारा निघाला, तर सेफाझोलिनसारखे जुने, स्वस्त औषध व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरते. ‘भारी’ औषधावर ठेवलेला रुग्ण इथे तोट्यात जातो. कोलिस्टीन हे शेवटचे अस्त्र म्हणून वापरतात, पण ते मूत्रपिंडांना इजा करते. ज्याला त्याची गरजच नव्हती त्याने ती इजा फुकट सोसायची. त्याहून अवघड गोष्ट क्लेब्सिएलासारख्या जंतूंची. मेरोपेनेमला न जुमानणारे हे जंतू आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची विकरे वापरतात. एकाचे नाव एनडीएम, दुसऱ्याचे ऑक्सा-४८. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम हे महागडे औषध दुसऱ्या प्रकारावर चालते, पहिल्यावर नाही. पहिला असेल तर जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम लागते. वरून पाहता दोन्ही रुग्ण सारखेच: तोच ताप, तोच घसरलेला रक्तदाब, तोच व्हेंटिलेटर. फरक फक्त प्रयोगशाळा सांगू शकते. आणि रक्तात जिवाणू नसून कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी असेल, जी देशातल्या अनेक अतिदक्षता विभागांत ठाण मांडून आहे, तर जगातले कोणतेही प्रतिजैविक उपयोगाचे नाही. ही बुरशी ओळखायलाही सवयीची नजर लागते; नेहमीच्या काही यंत्रांनी अनेक वर्षे तिला भलत्याच नावाने नोंदवले होते.

करोनाच्या काळात हे सगळे मोठ्या पटावर घडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या दहा रुग्णालयांनी २०२०मध्ये दाखल झालेल्या १७,५३४ करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रुग्णालयात आल्यावर जिवाणूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झालेले रुग्ण फक्त ३.६ टक्के होते. पण त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ५६.७ टक्के होते, एकूण दाखल रुग्णांत ते १०.६ टक्के होते. जगभरातल्या आकडेवारीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये सांगितले की रुग्णालयातल्या करोना रुग्णांपैकी सुमारे आठ टक्क्यांना जिवाणूंचा संसर्ग होता, प्रतिजैविके मात्र तीन-चतुर्थांश रुग्णांना मिळाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चाचणीचे काम लक्षात येते: ज्यांना खरी गरज होती ते थोडे होते, त्यांचा धोका भयंकर होता, आणि गर्दीत ते ओळखायचे साधन एकच होते. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची लाट आली, देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. तेव्हा नाकातला तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे ही तासाभरात होणारी, जवळपास फुकट तपासणी त्या रुग्णाची शस्त्रक्रिया आज की आठवड्याने हे ठरवत होती.

नवजात बाळांच्या बाबतीत तर चाचणीविना चाललेल्या उपचारांचा पायाच चुकीचा निघाला. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झाला, आणि त्यातले जवळपास दोन-तृतीयांश प्रसंग जन्मानंतर ७२ तासांच्या आत घडले. पाठ्यपुस्तकांनुसार इतक्या लवकरचा संसर्ग आईकडून येतो, त्यामागे अमुक जंतू असतात आणि त्यांना जुनी औषधे पुरतात. इथे आघाडीवर होते असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला, रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत मुरलेले जंतू. असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के तर एकाच वेळी अनेक औषधगटांना न जुमानणारे. हे कळले ते आजारी बाळांचे रक्त शिस्तीने प्रयोगशाळेत गेले म्हणून. ते गेले नसते, तर पाश्चात्त्य देशांतल्या जंतूंवर बेतलेली औषधे दिल्लीच्या बाळांना दिली जात राहिली असती आणि मृत्यूच्या कारणात ‘कमी वजन’ लिहिले गेले असते.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. शहर आणि लॅब पाहून एका रक्त-कल्चरला काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत खर्च येतो, आणि रोजंदारीवरच्या कुटुंबाला तो जड आहेच. पण तुलना करायची तर अतिदक्षता विभागातल्या एका जादा दिवसाशी, किंवा विनाकारण चाललेल्या भारी इंजेक्शनांशी करावी लागेल, आणि त्या तुलनेत चाचणी कधीच महाग ठरत नाही. खरी मेख हिशेबाच्या रचनेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत उपचाराचे एकगठ्ठा पॅकेज ठरलेले असते आणि तपासण्या त्यातच धरलेल्या असतात. कल्चर पाठवले तर रुग्णालयाच्या पदरचे पैसे जातात, न पाठवल्याबद्दल कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत जी गोष्ट वगळली जाईल, ती वगळली जाते. संसर्गाच्या रुग्णासाठी पहिल्या डोसआधीचे कल्चर पॅकेजबाहेर, वेगळ्या दराने, नमुन्याची वेळ नोंदवलेली असेल तरच मिळेल असे ठरवले, तर त्याचा परिणाम दहा परिपत्रकांपेक्षा जास्त होईल. परिपत्रके काही कमी निघालेली नाहीत. प्रतिजैविक का देत आहोत ते चिठ्ठीवर लिहा, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये डॉक्टरांना केली होती. आपल्या ओळखीच्या चिठ्ठ्यांवर ते दिसते का, हे वाचकांनीच पाहावे.

चाचणी टाळण्यामागे आणखी एक कारण आहे, त्याबद्दल उघड बोलले जात नाही. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर उद्भवलेला संसर्ग रुग्णालयातला मानण्याचा प्रघात आहे. कल्चर केले, जंतू सापडला, तारीख जुळली की रुग्णालयाच्या स्वच्छतेविरुद्ध लेखी पुरावा तयार होतो. कल्चर केलेच नाही तर रुग्ण ‘मूळ आजाराने’ जातो. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने चालणाऱ्या जाळ्यातल्या ५४ रुग्णालयांच्या २०० अतिदक्षता विभागांनी सात वर्षे मोजदाद केली. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, जिला सगळे सेंट्रल लाइन म्हणतात, होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ८.८३ निघाले. हा आकडा मोठा आहे, पण तो दिला म्हणून या रुग्णालयांना दोष देणे उफराटे होईल. आपले प्रमाण शून्य असल्याचे जे सांगतात, त्यांनी बाटल्या किती वापरल्या हे आधी विचारावे. इंग्लंडने २००१पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांना औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गाची नोंद सक्तीची केली. आकडे सुरुवातीला लाजिरवाणे होते. २००४मध्ये ते निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि पुढच्या काही वर्षांत ते साधलेही. नोंदच नसती तर कमी काय करायचे, हाच प्रश्न उरला असता.

लहान रुग्णालये यात कुठे बसतात? वीस खाटांच्या नर्सिंग होमने स्वतःची सूक्ष्मजीव-प्रयोगशाळा काढावी, असे कोणी म्हणणार नाही. त्याने बाटल्या ठेवाव्यात, पहिल्या डोसआधी भराव्यात आणि काही तासांत मोठ्या लॅबकडे पोहोचवाव्यात. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, एवढे माहीत असले तरी बरेच नमुने वाचतील. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करून केंद्रीय प्रयोगशाळेत नेण्याची ‘महालॅब’ ही व्यवस्था २०१७पासून आहे. रक्तातल्या साखरेचा नमुना ज्या गाडीने जातो, त्याच गाडीने कल्चरची बाटली जाऊ शकते. काही जण म्हणतात, आता तासाभरात जंतूची जनुके ओळखणारी यंत्रे आली आहेत, जुन्या बाटल्यांची कटकट कशाला? ती यंत्रे उपयोगी आहेत, महागही आहेत, आणि त्यांच्या यादीत असलेलेच जंतू त्यांना दिसतात. शिवाय अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अशा यंत्राची चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०१५मध्ये आले, ते मुळातून बघावेत असे आहेत. गरज नसलेले व्यापक औषध कमी करायला नेहमीच्या पद्धतीत ३४ तास लागत होते. नुसते यंत्र दिल्यावर ३८ लागले. यंत्राच्या निकालासोबत वॉर्डला सल्ला देणारा जाणकार दिला, तेव्हा ते २१वर आले. अहवाल वाचून फोन करणारा माणूस नेमला नाही, तर यंत्र खरेदीचा समारंभ तेवढा होतो.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. आपली खासगी रुग्णालये १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालतात आणि त्याचे नियम २०२१मध्ये सुधारले गेले. दरपत्रक लावणे, रुग्णहक्कांची सनद लावणे या गोष्टी त्या नियमांनी आणल्या. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाने नोंदणीच्या नूतनीकरणावेळी तीन आकडे द्यावेत, अशी भर त्यात घालता येईल: वर्षात किती रक्त-कल्चर पाठवली, त्यांतली किती पहिल्या डोसआधी घेतलेली होती, आणि जंतू सापडल्याचा इशारा आल्यापासून वॉर्डला फोन जाईपर्यंत सरासरी किती वेळ गेला. जंतूंचे आणि मृत्यूंचे आकडे पहिली दोन वर्षे मागूच नयेत, म्हणजे लपवण्याचे कारण उरणार नाही. तिसरा आकडा बहुतेक ठिकाणी आज कोणाकडेच नसेल. तो मोजायला रुग्णालयाला एक वही, एक फोन आणि रात्रपाळीचा एक तंत्रज्ञ लागेल. मंजूर पदे भरून त्याची सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपासून करावी, म्हणजे खासगी रुग्णालयांकडे बोट दाखवण्याआधी सरकारचा स्वतःचा आकडा समोर असेल.